घडीची सायकल, घडीभराचं कुलूप

जुलै 2008 मधली गोष्ट. डेव्हिड कॅमेरून तेव्हा ब्रिटनचे विरोधी पक्षनेते होते. पंतप्रधानपद अजून दोन वर्षं लांब होतं. पर्यावरणाची कदर असलेला नेता म्हणून ते संसदेत सायकलवरून जायचे. (मागून त्यांचे बूट आणि कागदपत्रं घेऊन मोटार येते, हे छायाचित्रकारांनी आधीच जगजाहीर केलं होतं.) त्या दिवशी घरी परतताना लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर टेस्कोच्या दुकानात चार वस्तू घ्यायला ते थांबले. चाकातून साखळी ओवली, फूटपाथवरच्या बुटक्या खांबाभोवती घेतली, कुलूप लावलं आणि आत गेले. बाहेर आले तर सायकल नाही. चोरांनी साखळीच्या वाटेला जायची तसदीच घेतली नव्हती. खांब जेमतेम दोन फुटांचा. सायकल साखळीसकट वर उचलली की काम झालं.

एका वृत्तपत्राच्या खटपटीमुळे ती परत मिळाली. पुढच्याच वर्षी घराबाहेरून पुन्हा चोरीला गेली.

कॅमेरून यांचं कुलूप बरं होतं की वाईट, याने त्या दिवशी काहीच फरक पडला नसता. सायकल बांधताना चार गोष्टी एकमेकींत गुंततात: कुलूप, साखळी, सायकलचा जो भाग साखळीत येतो तो, आणि ज्याला बांधलं ती वस्तू. चोर या चारांतली कच्ची गोष्ट शोधतो आणि तिथेच हात घालतो. साध्या सायकलीला अशा कच्च्या जागा मोजक्या असतात. बॅटरीवर चालणाऱ्या घडीच्या सायकलीला मात्र त्या जागोजागी असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा कारखान्यानेच मोठ्या कौतुकाने दिलेल्या असतात. मध्यभागी मोडणारी फ्रेम, खाली दुमडणारा हँडलचा दांडा, एका खटक्यात निघणारी सीट, हाताने ओढून काढता येणारी बॅटरी ही सगळी मालकाची सोय. तीच चोराचीही.

घडीची सायकल ही काही आजची कल्पना नव्हे. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने विमानातून उतरणाऱ्या सैनिकांसाठी मधोमध दुमडणाऱ्या सायकली हजारोंनी बनवल्या, आणि 1944 च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकांच्या खांद्यावर त्या दिसतात. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं जे संग्रहालय उभं केलंय, तिथे या जातीची पॅराट्रूपर पाहायला मिळते. तिच्या बिजागरीवरचे पंखाचे नट हाताने फिरतात. सैनिकाला अंधारात, घाईत, पान्याशिवाय सायकल उघडता यावी म्हणून. कुलपाचा विचार तिथे कोण करणार?

शहरी माणसासाठी घडी खऱ्या अर्थाने बसवली ती अँड्रयू रिची या इंग्रज अभियंत्याने. 1970 च्या दशकात लंडनच्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चसमोरच्या आपल्या फ्लॅटमध्ये त्याने जी सायकल जुळवली, तिला चर्चचंच नाव मिळालं. सोळा इंची चाकं, आणि सरावलेल्या हाताला पंधरा-वीस सेकंदांत जमणारी घडी. ब्रॉम्प्टनचा सगळा हिशेबच असा की ती बाहेर ठेवायचीच नाही. ऑफिसात टेबलाखाली, हॉटेलात खुर्चीशेजारी, रेल्वेत पायाशी. 2017 साली कंपनीने विद्युत ब्रॉम्प्टन जाहीर केली तेव्हाही हाच विचार कायम होता: मोटर पुढच्या चाकाच्या हबमध्ये आणि बॅटरी पुढे अडकवलेल्या पिशवीत. पिशवी काढली, खांद्याला लावली, की चोरासाठी जे उरतं त्यातला किमती भाग आपल्याबरोबर चालता झालेला असतो.

आपल्याकडे या जातीची ओळख वेगळ्या रूपात झाली. 2020 साली पुण्यात सुरू झालेल्या ई-मोटोरॅडने ‘डूडल’ नावाची घडीची ई-सायकल काढली: वीस इंची चाकं, पण टायर चार इंच रुंद, रस्त्यावर कोणीही वळून बघावं अशी. महेंद्रसिंग धोनीने 2024 मध्ये या कंपनीत पैसे गुंतवले आणि ती सायकल घराघरांतल्या मोबाइलवर पोहोचली. पण तिचं वजन वीस किलोच्या वर आहे. घडी होते, ती मोटारीच्या डिकीत जावी म्हणून. ती हातात धरून तिसऱ्या मजल्यावर चढणारा माणूस एक तर पैलवान असावा किंवा नुकतीच एखादी सायकल हरवलेला. तेव्हा ही सायकल बहुतेक वेळा खाली, पार्किंगमध्ये, वॉचमनच्या भरवशावर राहते.

आणि इथे कायद्याने एक गंमत करून ठेवली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार 250 वॉटच्या आतली मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग असलेली हलकी बॅटरी सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही. लायसन्स नको, आरसी नको, नंबरप्लेट नको, विमा सक्तीचा नाही. विक्रेते हीच गोष्ट पहिल्या वाक्यात सांगतात, आणि खरंच ती सोयीची आहे. पण स्कूटर चोरीला गेली तर आरटीओच्या नोंदीत तिचा मालक सापडतो. पन्नास हजारांच्या सायकलीचा सापडत नाही. एके काळी महाराष्ट्रातल्या नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि पितळी बिल्ला द्यायच्या. आज ज्यांच्या कपाटात आजोबांचा तो बिल्ला आहे, त्यांच्या दाराशी उभ्या असलेल्या ई-सायकलीकडे तेवढीही ओळख नाही.

आता कुलपांकडे वळू. भारतीय सायकलीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या येणारं मागच्या चाकाचं कुलूप, म्हणजे आऱ्यांमधून आरपार जाणारी ती वाकडी सळई, चाक फिरू देत नाही. एवढंच तिचं काम. सायकल उचलून टेंपोत टाकायला तिची हरकत नसते. दुकानात दोन-तीनशे रुपयांना मिळणारी प्लास्टिकच्या आवरणातली तारेची वेटोळी दिसायला जाड दिसतात, पण आत बारीक तारांचा पीळ असतो. साधं कटर त्या चटाचट तोडतं. चार आकड्यांच्या कुलपाला दहा हजार जोड्या असतात हे खरं, पण स्वस्त कुलपात तार ताणून धरली आणि एकेक चकती फिरवली की बरोबर जागी आल्यावर बोटाला जाणवतं. दहा हजार खटाटोपांची गरजच पडत नाही.

खरं भक्कम कुलूप म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पोलादी कडी आणि तिला बंद करणारा आडवा दांडा. आपल्याकडे दुकानदार त्याला यू-लॉक किंवा डी-लॉक म्हणतात. या कुलपाचं नाव जगभर झालं ते मायकेल झेन या अमेरिकन तरुणामुळे. बॉस्टनजवळ 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ‘क्रिप्टोनाइट’ कंपनी काढली आणि जाहिरातीऐवजी परीक्षा दिली: न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये एका खांबाला सायकल बांधून महिनाभर सोडून दिली. महिन्याने सायकलचे निघण्यासारखे सगळे भाग गेले होते. फ्रेम आणि कुलूप जागेवर होतं. कुलपाच्या धंद्यात असल्या परीक्षेइतकी बोलकी जाहिरात नाही. 1897 मध्ये लालबागला कुलपांपासून सुरू झालेली गोदरेजसुद्धा 1944 च्या मुंबई गोदीच्या स्फोटातून शाबूत निघालेल्या आपल्या तिजोऱ्यांची गोष्ट पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली.

पण क्रिप्टोनाइटच्या गोष्टीला दुसरा अंक आहे. सप्टेंबर 2004 मध्ये एका सायकलप्रेमीने दाखवून दिलं की कंपनीच्या गोल, नळीसारख्या किल्लीच्या कुलपात बिक कंपनीच्या स्वस्त बॉलपेनचं मागचं टोक खुपसून फिरवलं तर कुलूप उघडतं. काही सेकंदांत. त्याची चित्रफीत पसरली, आणि कंपनीला जगभरची कुलपं बदलून द्यावी लागली. ही खोड काही नवी नव्हती. बारा वर्षांपूर्वी एका ब्रिटिश सायकल-मासिकात ती छापून आली होती; तेव्हा ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. पोलाद कितीही कणखर असलं तरी किल्लीचं भोक हाही कुलपाचाच भाग आहे. म्हणून आज चांगल्या कुलपांच्या किल्ल्या सपाट आणि खाचा-खळग्यांच्या असतात, आणि लावताना भोक खाली जमिनीकडे करायचं, म्हणजे पाणीही जात नाही आणि हत्यार घालायला वावही कमी राहतो.

कुलूप खरेदी करणाऱ्याला हे सगळं तपासता येत नाही, म्हणून ब्रिटनमध्ये 1992 साली पोलिसांच्या पुढाकाराने ‘सोल्ड सिक्युअर’ ही चाचणी-व्यवस्था निघाली. तिथे माणसं हत्यारं घेऊन कुलपावर तुटून पडतात आणि ते किती तग धरतं त्यावरून कांस्य, रजत, सुवर्ण आणि आता हिरा असे दर्जे ठरतात. नेदरलँड्समध्ये ‘एआरटी’चे तारे असतात. तिथले विमेवाले भरपाईच्या वेळी दोन गोष्टी मागतात: मान्यताप्राप्त कुलूप आणि त्याच्या दोन्ही मूळ किल्ल्या. दुसरी अट पाहिली की डच माणसाचं व्यवहारज्ञान पटतं. एकच किल्ली दाखवता आली, तर दुसरी कुलपातच विसरली असण्याची शक्यता विमेवाल्याच्या मनात आधी येते.

या सगळ्या दर्ज्यांमागचं मोजमाप एकच आहे, वेळ. कुलूप चोराला अडवत नाही, ते त्याला थांबवून ठेवतं. हातकटरने बारीक साखळी क्षणात जाते. कडक पोलादाची साखळी सोळा मिलिमीटरच्या घरात गेली की हाताच्या बोल्टकटरला ती जवळजवळ झेपत नाही. मग येतो ग्राइंडर. बॅटरीवर चालणारा, पिशवीत मावणारा ग्राइंडर आला आणि पश्चिमेकडच्या सायकलचोरीचं गणितच बदललं. सोळा मिलिमीटरची कडी त्याच्यापुढे मिनिटभरसुद्धा टिकेलच असं नाही. त्यावर उत्तर म्हणून ब्रिटनमध्ये हिपलॉकने 2021 मध्ये डी-1000 नावाचं कुलूप आणलं. त्याच्या आवरणातला ग्राफीनयुक्त थर ग्राइंडरची चकतीच झिजवून टाकतो. वेल्सच्या लाइटलॉकची एक्स मालिका त्याच वाटेवरची. अशा कुलपांचं वजन दोन किलोच्या आसपास आणि किंमत आपल्याकडच्या एखाद्या साध्या सायकलीएवढी. सॅन फ्रान्सिस्कोतून 2016 मध्ये तर ‘स्कंकलॉक’ आलं होतं. कापायला गेलं की आतून उलटी आणणारा वास सुटावा अशी त्याची योजना होती. चोरावर तो कसाही लागू पडो, शेजाऱ्यांची बाजू कोणी विचारली होती की नाही कोण जाणे.

ग्राइंडरच्या आवाजाने लोक जमतील ही आशा मात्र सोडलेली बरी. केसी नायस्टॅट या चित्रपटकाराने 2012 मध्ये न्यूयॉर्कमध्ये भर दिवसा स्वतःचीच सायकल चोरण्याचा प्रयोग केला. करवत, पहार, ग्राइंडर सगळं वापरलं. लोक शेजारून जात राहिले. शेवटी युनियन स्क्वेअरमध्ये ग्राइंडरच्या ठिणग्या उडायला लागल्यावर पोलिसांनी त्याला हटकलं. आपल्या शहरांत ज्या गल्लीत रोज एक तरी खिडकीची जाळी बसवणं चालू असतं, तिथे ग्राइंडरच्या किंचाळण्याकडे मान वळवणारा माणूस शोधावाच लागेल. दिलासा एवढाच की आपल्याकडे चोरावर ग्राइंडर काढायची वेळ फारशी येत नाही, कारण समोर तितकं भक्कम कुलूपच नसतं.

घडीच्या सायकलीला हे कुलूप नेमकं कुठून घालायचं, हा खरा कळीचा प्रश्न, आणि बहुतेक लोक चुकतात ते इथे.

सायकलच्या जगात शेल्डन ब्राउन हे नाव आदराने घेतलं जातं. मॅसॅच्युसेट्सचा हा मेकॅनिक 2008 मध्ये वारला, पण त्याचे धडे अजून चालतात. त्याचं म्हणणं असं की यू-लॉक मागच्या चाकाच्या रिममधून घाला, पण फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत. चाक त्रिकोणातून बाहेर निघू शकत नाही, म्हणजे एकाच कुलपात चाकही अडकलं आणि फ्रेमही. साध्या सायकलीसाठी सांगितलेली ही पद्धत ई-सायकलीला दुप्पट लागू पडते, कारण भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त ई-सायकलींची मोटर मागच्या हबमध्ये असते. ते चाक गेलं म्हणजे बॅटरीखालोखालचा सगळ्यात महाग भाग गेला. 2017 च्या ब्रॉम्प्टनसारख्या सायकलीत मोटर पुढे. तिथे पुढचं चाकही बांधलं पाहिजे. मोटर कुठे आहे हे बघून कुलूप घालायचं, अशी साधी खूणगाठ.

आता बिजागरी. घडीची फ्रेम मधोमध दोन भागांत असते आणि हे दोन भाग एका बोल्टवर किंवा पिनवर जुळलेले असतात. पुढच्या भागाभोवती साखळी घातली आणि मालक निर्धास्त झाला, तर शांतपणे दोन पाने चालवणारा चोर बिजागरीचा बोल्ट काढून मागचा अर्धा भाग, म्हणजे मोटर, चाक, गिअर, सीट, घेऊन जाऊ शकतो. म्हणून बांधायचा तो मागचा त्रिकोण, नेहमीच. काही मॉडेलांत बॅटरी मुख्य नळीच्या पोटात सरकवलेली असते आणि सायकल दुमडल्याशिवाय ती बाहेर येत नाही. इथे मालकाला एक फुकटची संधी मिळते. उलगडलेली सायकल दोन ठिकाणी अशी बांधा की बिजागरी उघडायला वाव राहणार नाही. बॅटरी आतच कैद. अर्थात बॅटरी काढून घरी नेणं याहून चांगलं, पण ज्यांना शक्य नाही त्यांना एवढं तरी जमतं.

रुंद टायरवाल्या सायकलींची अडचण वेगळीच. चार इंची टायर आणि जाड नळी यांच्याभोवती नेहमीच्या मापाची यू-लॉकची कडी बसतच नाही; मग मालक वैतागून तारेचं वेटोळं लावतो. अशांना कडक पोलादाची साखळी बरी पडते. जड असते, पण रोज जिथे सायकल ठेवायची तिथेच ती खांबाला कायमची ठेवून दिली तर वाहायचा प्रश्न उरत नाही. पट्ट्या-पट्ट्यांचं दुमडणारं कुलूपही मिळतं, जर्मनीच्या अॅबसचं ‘बोर्डो’ त्यातलं प्रसिद्ध. पिशवीत मावतं, पण पट्ट्यांच्या रिव्हेटांवर घाव बसतो हे लक्षात ठेवावं.

आणि एक चूक फक्त घडीच्या सायकलवालेच करू शकतात. सायकल दुमडायची, दोन्ही चाकांतून तार ओवून तिलाच कुलूप लावायचं आणि कोपऱ्यात ठेवून द्यायची. असं केलं की चोराच्या हाती प्रवासाला निघालेल्या पाहुण्याच्या बॅगेसारखं बांधून तयार गाठोडं येतं. उलगडलेली सायकल उचलून नेताना निदान कोणीतरी बघतं. बाहेर ठेवायची तर उलगडून, आणि जमिनीत रोवलेल्या कशाला तरी बांधून.

कशाला बांधायची, यातही फसगत असते. लंडनमध्ये चोर सायकलस्टँडची नळी आधीच कापून ठेवतात आणि कापलेल्या जागेवर चिकटपट्टी लावतात. सायकल आली की पट्टी काढायची. पुण्या-मुंबईत ‘नो पार्किंग’चे फलक सिमेंट भरलेल्या डब्यात उभे असतात; सायकल त्यांना बांधणं म्हणजे डब्यासकट देऊन टाकणं. पावसाच्या पाण्याचा प्लास्टिकचा पाइप करवतीच्या दोन हातांत जातो. पाइप गॅसचा असेल तर त्याला हातही लावू नये, सायकल गेली तरी चालेल. कुलूप लावण्याआधी खांब एकदा हलवून बघावा आणि त्याची उंची नजरेने मोजावी. कॅमेरून यांनी तेवढं केलं असतं तरी पुरलं असतं. कुलूप जमिनीला टेकूही देऊ नये, कारण बोल्टकटरची एक मूठ जमिनीवर टेकवून दुसरीवर अंगाचा भार टाकता येतो.

बॅटरी मात्र बरोबरच न्यावी. दोन-तीन किलोंचा हा डबा सायकलीच्या किमतीतला मोठा वाटा असतो, आणि त्याला कोंडून ठेवणारं कुलूप बहुधा पत्र्याच्या पेटीला शोभेल एवढंच. बॅटरीशिवायची ई-सायकल चोराला जड आणि अर्धवट वाटते, एवढाच तिचा बचाव. डिस्प्ले निघत असेल तर तोही खिशात.

काही कंपन्यांनी सगळाच प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सने सोडवायचं ठरवलं. अॅमस्टरडॅमच्या व्हॅनमूफने 2009 पासून उभारलेल्या धंद्यात हे टोक गाठलं: चाकात बसवलेलं कुलूप, किल्लीऐवजी मोबाइलचं अॅप, फ्रेममध्ये दडलेला माग काढणारा यंत्रभाग, आणि सायकल चोरीला गेलीच तर ती शोधायला कंपनीची स्वतःची माणसं. ठरलेल्या मुदतीत सापडली नाही तर दुसरी. दोन लाखांच्या आसपास लोक या भरवशावर सायकली चालवत होते. जुलै 2023 मध्ये कंपनी दिवाळखोर झाली. कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर स्वतःचीच सायकल उघडायची कशी, हा प्रश्न रातोरात उभा राहिला. बेल्जियमच्या काउबॉय या स्पर्धक कंपनीने घाईघाईने एक अॅप काढलं, ज्यात व्हॅनमूफच्या मालकांना आपली डिजिटल किल्ली जपून ठेवता येईल. नंतर एका ब्रिटिश कंपनीने व्हॅनमूफ विकत घेतली. तरी त्या काही आठवड्यांत साध्या पोलादी किल्लीची किंमत बऱ्याच जणांना कळली असेल.

पुण्याने स्मार्ट कुलपांचा आपला धडा त्याआधीच घेतला होता. 2017-18 मध्ये शहरात भाड्याच्या सायकली आल्या, पेडल, ओफो, मोबाइक. मोबाइलवरून उघडणारी कुलपं फोडली गेली, सायकली सोसायट्यांच्या आवारात लपल्या, आणि कंपन्या एकेक करून निघून गेल्या.

सीटखाली किंवा हँडलच्या नळीत लपवलेला एअरटॅग, म्हणजे आपली जागा कळवणारी छोटी चकती, हा सध्याचा लोकप्रिय उपाय. स्वस्त आहे, आणि आसपास आयफोन असतील तिथे चालतोही. पण कोणाचा पाठलाग होऊ नये म्हणून तो अनोळखी माणसाच्या फोनवर ‘तुमच्यासोबत एक टॅग फिरतोय’ अशी सूचना पाठवतो. चोरालाही ती मिळते. टॅग कुठे आहे ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या त्या ठिपक्यापर्यंत स्वतः जाऊन दार वाजवायचं नाही, हेही सांगायला हवं.

जुलै 2008 मध्येच, म्हणजे कॅमेरून यांची सायकल गेली त्याच महिन्यात, टोरंटोच्या पोलिसांनी आयगॉर केंक या सायकल-दुकानदाराला पकडलं. शहरभरच्या गोदामांतून निघालेल्या सायकली मोजता मोजता आकडा 2,865 वर गेला. पोलिसांनी त्या एका मोठ्या शेडमध्ये मांडल्या आणि मालकांना बोलावलं. माणसं रांगेने आली, फिरली. पण आपल्या सायकली घेऊन गेले ते त्या आकड्याच्या मानाने फार थोडे. फ्रेमचा नंबर लिहून ठेवलेला असला की सायकल आपली आहे हे पटवून देणं सोपं जातं. फ्रेमवर ठोकलेले ते सात-आठ आकडे बहुधा पेडलच्या आसाखाली असतात, घडीच्या सायकलीत कधी हँडलच्या नळीवर. त्याचा फोटो, बॅटरीवरचा आणि मोटरवरचा नंबर, बिल, आणि स्वतः सायकलबरोबर काढलेला एक फोटो: नंबरप्लेट नसलेल्या वाहनाची आरसी म्हणजे एवढीच. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ऑनलाइन तक्रार देऊन तीन दिवसांत तिच्यावर सही करण्याची सोय आहे, आणि ती कुठल्याही ठाण्यात देता येते. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. वस्तू पाच हजारांच्या आतली असेल, ती परत मिळाली असेल आणि गुन्हा पहिलाच असेल तर समाजसेवेची शिक्षा. तेव्हा तक्रारीत बिलातली किंमत नोंदवणं महत्त्वाचं. ‘एक जुनी सायकल’ एवढंच लिहिलं तर सगळ्यांचं काम हलकं होतं.

पोलिसांकडून किती अपेक्षा ठेवायची, याचं स्पष्ट उत्तर 2025 मध्ये ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांनी दिलं. रेल्वे स्टेशनबाहेर दोन तासांहून जास्त वेळ उभी असलेली सायकल चोरीला गेली तर आम्ही तपास करणार नाही, कारण तेवढ्या तासांचं सीसीटीव्ही चित्रण बघत बसणं परवडत नाही. म्हणजे जो माणूस सायकल लावून दिवसभराच्या नोकरीला जातो, त्याच्यासाठी तपास नाही.

त्याच वर्षी लंडनमध्ये दुसरा निर्णय झाला. फेब्रुवारीत रेनर्स लेन स्टेशनच्या फलाटावर एका ई-सायकलने पेट घेतला, आणि 31 मार्चपासून लंडनच्या भुयारी रेल्वेत ई-सायकलींना बंदी आली. घडीच्या ई-सायकली वगळून. त्यांच्यात कोणी घरगुती जोडकाम करून धोकादायक बॅटऱ्या बसवलेल्या असण्याची शक्यता कमी, हे वाहतूक खात्याचं कारण. काहीही असो, पण दुमडून आत नेण्याची सायकल आत येऊ दिली गेली, आणि ज्यांनी जास्तीचे पैसे देऊन ती घेतली होती त्यांचा हिशेब बरोबर ठरला. या सायकलीचा सगळ्यात चांगला पहारेकरी म्हणजे तिचा मालक, आणि दार उघडलं तरच तो तिच्याजवळ राहू शकतो.

आपल्याकडे दारं अर्धी उघडी आहेत. मुंबईच्या 2अ आणि 7 या मेट्रो मार्गांच्या डब्यांत सायकलींसाठी जागा ठेवलेली आहे. पुण्याच्या मेट्रोनेही सायकली आत घ्यायला परवानगी दिली. अडतं ते प्रवास संपल्यावर. मॉलच्या दारात, ऑफिसच्या लॉबीत, दवाखान्यात वॉचमन हात आडवा करतो. सायकलीची घडी केली तरी ती सायकलच असते त्याच्या लेखी, आणि वरून आलेल्या आदेशात घडीचा उल्लेख नसतो. मग तीच सायकल दुचाकींच्या रांगेत, कुठल्यातरी जाळीला, घाईत बांधली जाते. इतका पैसा कुलपावर घालवण्याआधी ऑफिसच्या व्यवस्थापकाशी एकदा बोलून घ्यावं, हा सल्ला कुठलाच कुलूपवाला देणार नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये याहून सोपं काम आहे. दोन इंची जीआय पाइप, दोन ठिकाणी वाकवून उलट्या यू-सारखा. वर पाऊण मीटर उंची, दोन्ही पाय जमिनीत फूटभर काँक्रीटमध्ये. दोन स्टँडमध्ये मीटरभर अंतर. घडीच्या सायकलीची चाकं लहान आणि फ्रेम खाली असल्यामुळे त्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर एक आडवी दांडी वेल्ड करून घ्यायची, म्हणजे मागचा त्रिकोण तिला सहज बांधता येतो. कुठलाही फॅब्रिकेटर हे एका दिवसात करून देईल, आणि एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतील. पण वार्षिक सभेत विषय निघाला की आधी त्या एका मोटारीच्या जागेवरच चर्चा होते, आणि सायकलींचा मुद्दा पुढच्या सभेवर जातो.